कोपऱ्यावरचा बार, पंच्याहत्तर वर्षं

घरून चालत जाता येईल असा वस्तीतला बार मुंबईत आधी बायकांनी चालवला. दारूबंदीचा कायदा 1949चा. एप्रिल 1950मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण बंदी आली आणि धोबीतलाव, माझगाव, वांद्रे, कुर्ला इथल्या ख्रिस्ती वस्त्यांत एखाद्या घराची पुढची खोली संध्याकाळी बार होऊ लागली. चालवणाऱ्या बाईला सगळे 'आंटी' म्हणत. त्याआधी शहरात बार नव्हते असं नाही. ताजमधला हार्बर बार 1933चा, पण तिथं जाणारा माणूस वेगळा. कामगारासाठी ताडीची आणि देशीची दुकानं होती. मधल्या माणसाला, म्हणजे कारकुनाला, बँडवाल्याला, वर्तमानपत्रातल्या उपसंपादकाला, टेबलाशी निवांत बसायची जागा आंटीनं दिली, आणि तीही बेकायदा.

आंटीकडे मेनू नसे. माल बहुतेक हातभट्टीचा, नवसागर घातलेला. चोरून आलेली गोव्याची फेणी मिळाली तर नशीब. सोबत उकडलेलं अंडं, खारे चणे, कधी घरात शिजलेल्या कालवणातला एखादा तुकडा. वहीवर उधारी चाले. जास्त झालेल्याला आंटी स्वतः उठवून बाहेर काढी आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नसे.

या काळाबद्दल हल्ली फार गोड लिहिलं जातं. हातभट्टीनं डोळे गेलेली, जीव गेलेली माणसं त्या आठवणींत सापडत नाहीत. जून 2015मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली. म्हणजे बंदी सैल होऊन कित्येक दशकं उलटली तरी तो धंदा संपलेला नव्हता.

वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत बंदी टप्प्याटप्प्यानं ढिली झाली. कायदा मात्र रद्द झाला नाही. पिणाऱ्यानं परवाना घ्यायचा आणि परवानेवाल्यांसाठी राखलेल्या खोलीत बसून प्यायचं, अशी सरकारी तोड निघाली. तीच परमिट रूम. परवाना खिशात आहे का, हे वेटरनं विचारल्याचं फारसं कुणाला आठवणार नाही.

परमिट रूम ही मुंबईची खरी निर्मिती, आणि माझ्या मते तिचं श्रेय तिला अजून पुरतं मिळालेलं नाही. मालक बहुधा मंगळूर-उडुपीकडचा शेट्टी. दाराला काळी काच, आत भर दुपारीही ट्यूबलाइट, कोपऱ्यात देव आणि त्यापुढे लुकलुकणारे दिवे. मापं ठरलेली: तीस, साठ, नाइन्टी, क्वार्टर. कॉकटेल असं काही नसे, पण खेळ चालेच. कुणी ओल्ड मंकमध्ये थम्सअप घाले, कुणी व्होडकात लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. टेबलावरचं मिश्रण ज्याचं त्यानं करायचं, वेटरनं फक्त बर्फ आणि सोडा पुरवायचा.

खरी कारागिरी चखण्यात होती. बसल्याबसल्या न मागता वाटी येई: शेंगदाणे, उकडलेले चणे, शेव, काकडीच्या चकत्या, कुठं मीठ-तिखट लावलेल्या मोसंबीच्या फोडी. हे फुकट, आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा भरून मिळे. पुढचं पैशाचं: मसाला पापड, चणा कोळीवाडा, बोंबील फ्राय, कलेजी, तिसऱ्या. मग चिकन लॉलीपॉप आणि ट्रिपल शेजवान आले आणि शेट्टीच्या स्वयंपाकघरात मंगळूर, मालवण आणि चीन एका तव्यावर नांदू लागले. दारू सगळीकडे त्याच बाटल्यांतली, दरही थोडेफार सारखे, त्यामुळे गिऱ्हाईक टिकवायचं ते चखण्यावर. कुठल्या बारमधले बोंबील कुरकुरीत आणि कुठले तेलकट, यावर लोकलमध्ये दादर ते ठाणे वाद रंगत.

या सगळ्यात बाई कुठं होती? नव्हती. जिनं हा धंदा वस्तीत आणला ती परमिट रूममधून पार पुसली गेली. नवऱ्याबरोबर आलेल्या बाईसाठी पार्टिशनपलीकडे 'फॅमिली रूम' असे. तिथं ती लिंबू सरबत घेते असं गृहीत धरलेलं, आणि घेत नसली तर सगळे तिकडे बघत. मग डान्स बार आले, आणि बारमधली बाई म्हणजे नाचणारी बाई असं समीकरण पक्कं झालं. 2005मध्ये राज्य सरकारनं डान्स बारवर बंदी घातली, 2006मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली, 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच केलं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथं एवढंच, की त्या सगळ्या वादात गिऱ्हाईक म्हणून बसणारी बाई कुणाच्या मनातही नव्हती.

बारच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे बाटल्यांपाशी, एक बाई ऐंशीच्या दशकापासून उभी होती. शतभी बसू. देशातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणून त्या ओळखल्या जातात. पुढे त्यांनी मुंबईत बारटेंडिंग शिकवणारी 'स्टर' अकादमी काढली. दिल्लीत तर बारमध्ये बायकांना नोकरी देण्यावर कायद्यानंच बंदी होती. ब्रिटिशकालीन पंजाब अबकारी कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं 2007मध्ये टिकू दिलं नाही.

आजच्या गमतीदार कॉकटेल बारची सुरुवात मी 2014-15च्या सुमाराची धरतो. 'सोशल' ही बारची साखळी आली आणि तिनं लोणच्याच्या मसाल्यातलं 'अचाररोस्का' विकायला काढलं. 2015मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये 'द बॉम्बे कॅन्टीन' उघडलं. फ्लॉइड कार्डोझ, समीर सेठ आणि यश भानगे यांचं. 1982च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले होते, त्या आवारात आता गुलाबजामाचा डोनट करून त्यावर ओल्ड मंक मुरवत होते. विलिंग्डन क्लबातलं 'एग्ज केजरीवाल', म्हणजे टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि अंडं, तिथं चखणा होऊन आलं. एका मोसमात तर पेयांची अख्खी यादी मुंबईच्या आर्ट डेको इमारतींवरून बेतली होती. 2017पासून गोव्यातून देशी जिन येऊ लागली, मग कोकम, गोंधोराज लिंबू, जांभूळ, कढीपत्ता ही मंडळी ग्लासात उतरली. वांद्र्याच्या गल्ल्यांत, जुन्या बंगल्यांच्या तळमजल्यावर, मोजक्या खुर्च्यांचे बार निघाले.

यातलं नवं किती? मिरची-मीठ-लिंबाचं व्होडका शेट्टीच्या टेबलावर आधीपासून होतं. आता त्याला नाव मिळालं आणि काठाला तिखट-मिठाची किनार. काही पेयं खरोखर हुशारीनं केलेली असतात, तर काहींत पेयापेक्षा त्याखालचा छोटा लाकडी पाट जास्त विचारपूर्वक निवडलेला दिसतो. चखणा फुकट मिळत नाही, ही मात्र सरळ अधोगती आहे.

खरा बदल टेबलांवर आहे. चार मैत्रिणी ऑफिस सुटल्यावर येतात, दोन पेयं घेतात, हसतात, घरी जातात आणि कुणी मान वळवून बघत नाही. परमिट रूमला हे चाळीस वर्षांत जमलं नाही. उलट, तिथं येणारा कारकून, टेलिफोन खात्यातला निवृत्त लाइनमन, टॅक्सीवाला या नव्या बारच्या दारातही उभा राहत नाही, कारण तिथल्या एका ग्लासाच्या बिलात परमिट रूममध्ये दोघांची संध्याकाळ जवळजवळ भागते. मला दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं तर मी आजही मसाला पापडाकडे झुकेन, पण माझ्या मुलीनं तिथं एकटीनं बसावं असं म्हणायची हिंमत होणार नाही. ती कॉकटेल बारच निवडेल आणि तिचं बरोबर असेल.

सरकारला मात्र हा फरक दिसत नाही. काळ्या काचेची परमिट रूम असो की जांभळाच्या जिनचा बार, दोघांचा परवाना एकच, एफएल-3. तिथं बसून घेतलेल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर 2023मध्ये पाचावरून दहा टक्के झाला, 2025मध्ये परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्कही वाढलं. 14 जुलै 2025 रोजी हॉटेलमालकांच्या 'आहार' या संघटनेनं राज्यभर बंद पुकारला, तो या दोन्ही प्रकारच्या बारसाठी होता.