कन्व्हर्टर विकायचाय? आधी रफार समजून घ्या!

मित्रांनो, थर्ड इयरला आलं की प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण म्हणतोच, "अरे, एक छोटं सॉफ्टवेअर बनवू आणि विकून टाकू!" बरेचदा हे सॉफ्टवेअर म्हणजे एका रूपातला डेटा दुसऱ्या रूपात बदलणारा कोड असतो. एक फाईल आत, दुसरी फाईल बाहेर. दोन-तीनशे ओळींचं काम. पण असा कोड खरंच विकता येतो का? आणि घेणारा नेमके कशाचे पैसे देतो? यासाठी लांब जायला नको. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर हे आपल्या घरचंच उदाहरण आहे.

जुन्या फॉन्टची गंमत

कॉम्प्युटरवर मराठी आणण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी डीटीपीवाल्यांमध्ये रुळलं. मात्र प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. युक्ती एकच – इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये लहान 'डी' म्हणजे 'क' आणि लहान 'एफ' म्हणजे पहिली वेलांटी. आपल्याला 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो 'डी'च! फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की सगळा कचरा.

युनिकोडने हे बदललं. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. 'क' चा क्रमांक जगभर एकच. मग काय, कोणत्या जागेवर कोणतं अक्षर याचं टेबल करा, फाइंड-रिप्लेस चालवा, झाला कन्व्हर्टर! खरंच?

रफार उडी मारतो

माझं गाव शिरड शहापूर, जिल्हा हिंगोली. त्याच नावावर टेबल चालवून बघू. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवतात, म्हणजे आधी वेलांटी, मग 'श'. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'श', मग वेलांटी. नुसतं रिप्लेस केलं तर गावाचं नाव 'िशरड' होतं.

रफार त्याहून खट्याळ. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे रफार मला खरा कळला तो कोडमुळेच! तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर, शेवटी. उच्चारतो मात्र आधी. म्हणून कन्व्हर्टरने त्याला काना आणि व्यंजन ओलांडून मागे न्यायला हवं. नाही नेलं तर 'कार्यालय'चं 'कायार्लय' आणि 'वर्धा'चं 'वधार्' होतं. 'दर्ग्याला'मध्ये तर अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं.

आणि आपल्या मराठीची खासियत वेगळीच. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीसाठी लिहिलेल्या कोडला हा फरक माहीत नसेल, तर 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होईल आणि 'कुऱ्हाडे' आडनावाच्या माणसाचं नाव यादीत शोधूनही सापडणार नाही.

आता हिशोब करा. एक लाख शब्दांची फाईल आणि ९९ टक्के अचूकता. ऐकायला मस्त वाटतं ना? पण त्यात एक हजार शब्द चुकलेले असतात, आणि कोणते ते माहीत नसतं. म्हणजे पुन्हा एक लाख शब्द वाचणं आलं!

मग विकायचं काय?

आमच्याकडच्या एखाद्या डीटीपीवाल्या काकांना तुम्ही कन्व्हर्टर दाखवलात, तर ते अल्गोरिदम विचारणार नाहीत. ते विचारतील, "चुकलं तर कोण बघणार?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तुमचं प्रॉडक्ट.

त्यात पहिली गोष्ट, फाईल समजून घेणं. एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी असतं. कुठला तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे कोडने पाहिलं नाही, तर इंग्रजी नावाचंही रूपांतर होऊन बसेल. दुसरी, संशयास्पद शब्दांची यादी. कोडने शंका लपवायची नाही, पानासकट दाखवायची; मग लाखाऐवजी शे-दोनशे शब्द तपासले की काम भागेल. तिसरी, उलट चाचणी. युनिकोडमधून परत जुन्या फॉन्टमध्ये जा आणि मूळ फाईलशी ताडून बघा. जुळलं तर काही हरवलं नाही एवढं कळतं. पण टेबलच चुकीचं असेल तर ती चूक दोन्ही दिशांना बिनबोभाट पास होते, म्हणून माणसाची नजरही लागतेच. आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

चौथी गोष्ट, देखभाल. मराठीतला 'ॲ' युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या कन्व्हर्टरना टेबल बदलावं लागणारच होतं. एकदा विकून मोकळं होता येत नाही.

कायदा किती मदत करतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती' मानला जातो. म्हणजे तुमचा कोड उचलणं बेकायदेशीर आहे. पण 'वेलांटी मागे न्या, रफार पुढे आणा' ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. दुसरा कुणी स्वतःच्या कोडमध्ये तेच करू शकतो. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या प्रोग्रॅमला पेटंटही नाही. त्यात इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत. तरीही लोकांची नावं, अर्ज, दाखले अनोळखी साइटवर चिकटवायचे का, हा प्रश्न उरतोच. आपल्याच मशीनवर चालणारं, शेकडो फाईल एकदम घेणारं आणि फोन केला तर कुणीतरी उत्तर देणारं सॉफ्टवेअर इथे टिकतं.

आणखी एक धोका लक्षात ठेवा. कन्व्हर्टर जितका चांगला, तितकं त्याचं गिऱ्हाईक लवकर संपतं. सगळ्या फाईल बदलून झाल्या की तो कशाला लागेल? सुदैवाने इथे उलटी वाटही चालू आहे. मोबाईलवर आलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, पण कितीतरी छपाईवाल्यांची जुनी डीटीपी सॉफ्टवेअर तो नीट दाखवत नाहीत. त्यांना युनिकोडमधून जुन्या फॉन्टकडे जायचं असतं. सुरुवातीला लायसन्स विकण्याऐवजी पानामागे दर लावून काम केलंत, तर खऱ्या फाईलमधल्या खऱ्या चुका हाती लागतील आणि तेच तुमचं भांडवल होईल.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रोजेक्टचा विचार करताना किंमत ठरवण्याआधी एक करा. जवळच्या प्रेसमधून, मालकाच्या परवानगीने, जुन्या फॉन्टमधली दहा पानं मागून आणा. कोड चालवा आणि प्रत्येक शब्द स्वतः वाचा. दहाव्या पानानंतरही "चुकलं तर मी बघतो" असं म्हणायची हिंमत असेल, तर खुशाल पावती पुस्तक छापायला टाका!