बालवयातील डिस्टोनिया आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन

डिस्टोनिया या विकारात स्नायू आपोआप आकुंचन पावतात आणि हात, पाय, मान किंवा धड पिळवटते. डीवायटी-१ हा त्याचा दुर्मिळ आनुवंशिक प्रकार. टीओआर१ए जनुकातील तीन बेसचा लोप हे त्याचे कारण १९९७ मध्ये सापडले. विकार बहुधा शाळकरी वयात, एका हातापायापासून सुरू होतो. बुद्धी शाबूत राहते.

औषधांनी पुरेसा आराम पडला नाही, तर डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा, म्हणजे डीबीएसचा विचार होतो. दिल्लीच्या एम्समध्ये डीबीएस शस्त्रक्रिया होतात. डिस्टोनियासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंना, ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागात बारीक इलेक्ट्रोड बसवतात. त्यांची वायर त्वचेखालून छातीतील किंवा पोटातील पल्स जनरेटरला जोडतात.

किती प्रभार जातो?

समजा, पल्स ३ व्होल्टची, रुंदी ९० मायक्रोसेकंद आणि रोध १००० ओहम आहे.

- विद्युतधारा = ३ ÷ १००० = ०.००३ अँपिअर
- एका पल्सचा प्रभार = ०.००३ × ९० = ०.२७ मायक्रोकुलोम
- संपर्काचे क्षेत्रफळ (व्यास १.२७ मिमी, लांबी १.५ मिमी) = सुमारे ०.०६ चौ. सेमी
- प्रभार घनता = ०.२७ ÷ ०.०६ = ४.५ मायक्रोकुलोम प्रति चौ. सेमी

सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा ३० आहे. शिवाय प्रत्येक पल्सनंतर तेवढाच प्रभार उलट दिशेने वाहू देतात. नाहीतर इलेक्ट्रोडजवळ रासायनिक क्रिया होऊन ऊतींना इजा होईल.

परिणाम आणि मर्यादा

डीबीएस जनुक दुरुस्त करत नाही. बेसल गँग्लियातून निघणाऱ्या संदेशांचा बिघडलेला नमुना तो बदलतो. पार्किन्सनचा कंप पल्स सुरू होताच कमी होऊ शकतो. डिस्टोनियात पूर्ण फरक दिसायला अनेक महिने लागतात. म्हणून सेटिंग बदलून त्याच दिवशी निष्कर्ष काढता येत नाही.

सर्वांना सारखा गुणही येत नाही. डीवायटी-१ मध्ये परिणाम सहसा चांगला असतो. मेंदूत लोह साठणाऱ्या पीकेएएन विकारात मूळ ऱ्हास चालूच राहतो, त्यामुळे फायदा मर्यादित असतो.

वेळही महत्त्वाची. सांधे कायमचे आखडले किंवा मणका वाकून घट्ट झाला, तर पल्स त्यांना सरळ करू शकत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये डिस्टोनियासाठी सात वर्षांपासून पुढे डीबीएसला मर्यादित परवानगी दिली. त्यामुळे ‘मूल मोठे झाल्यावर बघू’ हा निर्णयसुद्धा जोखमीचाच असतो.

स्वाध्याय: पल्सची रुंदी २१० मायक्रोसेकंद केल्यास प्रभार घनता किती होईल? ती मर्यादेत आहे का?