घरगुती सर्व्हरची रोजकीर्द : फाईल-व्यवस्था बिघडते कशी, सुधारते कशी?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. कळवा-पडघे भागातील ४०० किलोव्होल्टच्या पारेषण व्यवस्थेत बिघाड झाला होता. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. महासाथीमुळे शाळा तेव्हा घरातूनच भरत होत्या, त्याही थांबल्या. ऐरोली-महापे पट्ट्यातील मोठ्या डेटा केंद्रांकडे अशा प्रसंगासाठी बॅटऱ्या आणि डिझेल जनित्रे असतात. परंतु नेरूळ किंवा खारघरच्या एखाद्या सदनिकेत दूरचित्रवाणी संचामागे ठेवलेल्या छोट्या संगणकाला असा आधार नसतो.

असे छोटे संगणक आता बरेच दिसतात. कुटुंबाची छायाचित्रे, सोसायटीचे हिशेब, एखाद्या शिक्षकाने वीस वर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका असे बरेच काही त्यांवर साठवलेले असते. यालाच घरगुती सर्व्हर म्हणतात. वीज परत आली की बहुतेक वेळा तो निमूटपणे सुरू होतो. क्वचित मात्र 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग', म्हणजे रचनेची साफसफाई हवी, असा संदेश येतो. अशा वेळी हाताशी असलेली दुरुस्तीची आज्ञा लगेच चालवण्याचा मोह होतो. तो का आवरावा, हे समजण्यासाठी आधी तबकडीवरील दफ्तर पाहू.

तबकडीवरील दफ्तर

तबकडी (हार्ड डिस्क) म्हणजे सारख्या मापाच्या खणांचे एक प्रचंड कपाट, अशी कल्पना करा. लिनक्सच्या प्रचलित एक्स्ट४ या फाईल-व्यवस्थेत एक खण साधारणपणे ४०९६ बाइटचा असतो. फाईल मोठी असेल तर ती अनेक खणांत विभागली जाते. कोणती फाईल कोठे आहे हे कळण्यासाठी तीन प्रकारच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

पहिली नोंद 'आयनोड'. फाईलचा आकार, मालक, तारीख आणि तिचे खणक्रमांक यात असतात. गंमत म्हणजे फाईलचे नाव यात नसते! दुसरी नोंद फोल्डरची. तेथे फक्त नाव आणि त्यापुढे आयनोडचा क्रमांक असतो. हजेरीपटावर मुलाचे नाव आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, तसेच हे. तिसरी नोंद कोणते खण भरलेले आणि कोणते मोकळे याची. प्रत्येक खणासाठी एक बिट, भरलेला असेल तर १ आणि मोकळा असेल तर ०.

येथे एक सोपे गणित करता येते. ही तिसरी नोंद स्वतः एका खणात मावते. ४०९६ बाइट गुणिले ८ म्हणजे ३२,७६८ बिट. म्हणून एक नोंद-खण ३२,७६८ खणांचा हिशेब ठेवतो आणि तेवढ्या खणांचा एक गट होतो. गटाची क्षमता ३२,७६८ × ४०९६ बाइट, म्हणजे १२८ मेगाबाइट. आयनोड बहुधा २५६ बाइटचा असतो, म्हणजे एका खणात १६ आयनोड बसतात. तेव्हा आयनोडचा एकच खण खराब झाला, तर एकदम १६ फायलींचा पत्ता हरवू शकतो. फायलींचा मजकूर शाबूत असतो, पण तो कोठे आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

या सर्वांच्या वर एक मुख्य नोंद असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. ती गेली तर कपाटच ओळखू येत नाही. म्हणून तिच्या प्रती ठरावीक गटांत ठेवलेल्या असतात. पहिली प्रत बहुधा ३२,७६८ क्रमांकाच्या खणात मिळते.

वीज गेली की काय होते?

एका फाईलमध्ये चार ओळी वाढवायच्या आहेत असे समजा. त्यासाठी नवा खण 'भरलेला' म्हणून नोंदवणे, आयनोडमध्ये त्याचा क्रमांक लिहिणे आणि खणात मजकूर लिहिणे अशी निदान तीन कामे करावी लागतात. तबकडी ती एकाच क्षणी करू शकत नाही. शिवाय वेग वाढावा म्हणून लिनक्स बदललेला मजकूर काही काळ, कधी कधी अर्धा मिनिटसुद्धा, तात्पुरत्या स्मृतीतच ठेवतो. या अवधीत वीज गेली तर एखादे काम झालेले आणि बाकीची राहिलेली, अशी स्थिती येते.

यावरचा उपाय आपल्या व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि मग खतावणीत उतरवायचा. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पूर्ण करता येते. २००१ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या एक्स्ट३ मध्ये आणि २००८ साली स्थिर झालेल्या एक्स्ट४ मध्ये हीच युक्ती आहे. तिला 'जर्नल' म्हणतात. संगणक पुन्हा सुरू झाला की रोजकीर्दीतील पूर्ण झालेल्या नोंदी खतावणीत उतरवल्या जातात आणि अर्धवट नोंद सोडून दिली जाते.

मात्र दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. नेहमीच्या पद्धतीत ही रोजकीर्द फक्त नोंदींची असते, फाईलमधील मजकुराची नव्हे. आणि 'लिहिले' असे तबकडीने सांगितले की ते खरोखरच लिहिले गेले आहे, या विश्वासावर ती चालते. तबकडी बाद होऊ लागली असेल किंवा जोडणीची स्वस्त यूएसबी पेटी खोटा निर्वाळा देत असेल, तर रोजकीर्दही उपयोगी पडत नाही.

कंटेनरमुळे काय बदलते?

नवी मुंबईशेजारच्या न्हावा-शेवा येथे १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालू आहे. तेथील लोखंडी कंटेनरमध्ये कापूस असो की यंत्रे, यारीला त्याच्याशी कर्तव्य नसते, कारण पेटीचे माप ठरलेले असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डॉकरने हीच कल्पना संगणकात लोकप्रिय केली. एखादा कार्यक्रम त्याला लागणाऱ्या साऱ्या साहित्यासह एका पेटीत बंद करायचा आणि हवा तेथे चालवायचा.

या पेटीतील साठवण थरांची असते. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर एकावर एक ठेवलेल्या पारदर्शिका आठवा. खालच्या पारदर्शिका कायमच्या छापलेल्या असतात, सर्वांत वरची कोरी. खालची फाईल बदलायची झाल्यास तिची प्रत वरच्या थरावर आणून बदल केला जातो. खालची फाईल पुसायची झाल्यास वर एक 'पांढरा ठिपका' ठेवला जातो, त्यामुळे ती झाकली जाते.

कोणता थर कोणावर ठेवायचा याच्याही नोंदी तबकडीवरच असतात. वीज गेल्यावर अशी एखादी नोंदफाईल शून्य लांबीची उरली, तर मजकूर शाबूत असूनही पेटी उघडत नाही. येथे एक समाधानाची गोष्ट आहे. खालचे थर मूळ भांडारातून पुन्हा उतरवून घेता येतात, आणि प्रत्येक थराला त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा असल्याने ते अचूक आले की नाही हेही तपासता येते. जे पुन्हा मिळणार नाही ते दोनच ठिकाणी असते : वरच्या कोऱ्या थरात आणि पेटीबाहेर जोडलेल्या 'व्हॉल्यूम' नावाच्या फोल्डरात. सारी काळजी घ्यायची ती या दोन ठिकाणांची.

दुरुस्तीचा क्रम

१. सर्व कंटेनर थांबवा. बिघडलेल्या तबकडीवर नवे काहीही लिहिले जाऊ देऊ नका, कारण चुकीच्या 'मोकळा' नोंदीवरून जुना मजकूर पुसला जाऊ शकतो.

२. तबकडीची प्रकृती पाहा. ती स्वतःच्या दोषांची मोजणी ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. वाचता न येणाऱ्या जागांची संख्या वाढत असेल तर दोष नोंदींचा नसून तबकडीचाच आहे.

३. दुसऱ्या तबकडीवर तिची खणाखणाने नक्कल घ्या. 'डीडीरेस्क्यू' हा कार्यक्रम सहज वाचता येणारा भाग आधी उतरवतो आणि अवघड भागाकडे नंतर वळतो. पुढील कामे या नक्कलीवर करावीत.

४. फाईल-व्यवस्था जोडलेली नसताना 'ई-टू-एफएससीके' हा तपासनीस आधी फक्त वाचनाच्या पर्यायाने चालवा. या वेळी रोजकीर्द उतरवली जात नाही. त्यामुळे काही दोष उगाच दिसतात, पण नुकसानाचा अंदाज येतो. त्यानंतर प्रत्यक्ष दुरुस्ती. मुख्य सुपरब्लॉक वाचता येत नसेल तर राखीव प्रतीचा क्रमांक द्यावा.

५. 'लॉस्ट अँड फाउंड' हे फोल्डर तपासा. नाव हरवलेल्या फायली येथे फक्त क्रमांकाने ठेवल्या जातात.

६. व्हॉल्यूम आणि वरचे थर वेगळे काढून ठेवा. त्यानंतरच जुन्या पेट्या पुसून नव्याने उतरवा.

७. आतील डेटाबेस त्याच्या स्वतःच्या साधनाने तपासा. बहुतेक डेटाबेसची आपली वेगळी रोजकीर्द असते. एसक्यूलाइटच्या फाईलशेजारी नावाअखेर 'वाल' असलेली फाईल दिसली तर ती कचरा समजून पुसू नये. अखेरचे व्यवहार तिच्यातच असू शकतात.

वर्गातील प्रयोग

तपासनीस नेमके काय करतो, हे फळ्यावर दाखवता येते. बारा खण आखा. फायली अशा : 'कविता' खण २, ३, ४, 'गणित' खण ५, ६, 'नकाशा' खण ६, ७, आणि नाव नसलेली एक फाईल, खण १०, ११. भरलेल्या खणांची यादी : २ ते ७, ९, १० आणि ११. आता मुलांना विसंगती शोधू द्या.

खण ९ भरलेला म्हटला आहे, पण त्यावर कोणाचाच हक्क नाही. तो मोकळा करावा. निनावी फाईलला क्रमांक देऊन वेगळ्या फोल्डरात ठेवावे. खण ६ वर दोघांचा हक्क आहे. त्याची प्रत काढून दोघांना एकेक द्यावी. दफ्तर आता बिनचूक झाले. पण सहाव्या खणात नकाशाचा तुकडा असेल, तर गणिताची फाईल उघडल्यावर काय दिसेल?

हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा, कारण या विषयाचे मर्म त्यात आहे. तपासनीस नोंदींचा मेळ घालतो. मजकूर खरा की खोटा हे त्याला कळत नाही. सारे दोष दूर झाल्याचा अहवाल मिळूनही छायाचित्र अर्धे करडे निघू शकते. हरवलेला मजकूर परत देऊ शकते ती फक्त आधी घेतलेली प्रत, आणि तीही एखादी फाईल तिच्यातून काढून, उघडून पाहिलेली असेल तरच भरवशाची. शाळेच्या निकालपत्रकांची अशी एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि दर सत्राच्या अखेरीस ती उघडून पाहावी. संगणकाला लहानसा यूपीएस जोडावा. वीज गेल्यावर त्याने संगणकाला रीतसर बंद होण्याइतकी दहा मिनिटे दिली, तरी पुरेसे आहे.