उपग्रहांची सावड

आजचा आपला विषय आहे हौशी अवकाश-गट आणि त्यांची आपसातली मैत्री. हौशी म्हणजे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून छोटे उपग्रह आणि ग्राउंड स्टेशनं बनवणारे लोक. त्यातले बरेच गट आपली रेखाटनं, सर्किटं, प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुले ठेवतात. त्यालाच आपण ओपन सोर्स म्हणतो. असे गट देशोदेशी आहेत. त्यांनी एकमेकांशी सख्य ठेवावं, हे कुणालाही पटतं. पण ते नुसतं छान वाटतं म्हणून ठेवायचं, की त्यावाचून काम अडतं? आमच्या मते अडतं. आणि नेमकं कुठे अडतं ते कळलं, की मैत्री कशी जोडायची तेही कळतं. म्हणून आधी थोडा हिशेब करू.

समजा, पुण्यातल्या एका गटाचा छोटा उपग्रह ५०० किलोमीटर उंचीवर, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरतोय. त्याची एक फेरी साधारण ९५ मिनिटांत पूर्ण होते, म्हणजे दिवसाला १५ फेऱ्या. पण तो फिरतो तेव्हा खाली पृथ्वीही फिरत असते. त्यामुळे या १५ पैकी चारेक फेऱ्याच पुण्याच्या क्षितिजाच्या वर येतात. बरोबर डोक्यावरून गेला तर अकरा मिनिटं आपल्या टप्प्यात असतो, क्षितिजालगत गेला तर जेमतेम चार-पाच. सगळी बेरीज केली तर दिवसाकाठी अर्ध्या तासाच्या आसपास. मग उरलेले साडेतेवीस तास तो कुठे असतो? ब्राझीलवर, जपानवर, पोलंडवर, नाहीतर कुठल्यातरी महासागरावर. उपग्रह तुमचा खरा, पण दिवसातला बहुतेक वेळ तो दुसऱ्याच्या डोक्यावर असतो.

आता याचा परिणाम काय होतो बघा. छोट्या उपग्रहाचे पहिले काही दिवस फार नाजूक असतात. अँटेना उघडली का, बॅटरी भरतेय का, संगणक पुन्हा पुन्हा रीसेट तर होत नाही ना, हे सगळं तेव्हाच कळायला हवं. मुलांनी चार-पाच वर्षं घालवून केलेला उपग्रह वर गेला आणि पहिल्या अकरा मिनिटांत काहीच ऐकू आलं नाही, तर कारणं दोन असू शकतात. एक तर उपग्रह मुका आहे, किंवा आपण बहिरे आहोत, म्हणजे आपल्याच केबलमध्ये किंवा अँटेनात बिघाड आहे. एकाच स्टेशनवर बसून यातलं खरं कारण ठरवता येत नाही. दुसऱ्या देशातून कुणी 'आम्हाला क्षीण संदेश आला' एवढं कळवलं, तरी आपला बिघाड आपल्याच गच्चीवर शोधायचा, हे ठरतं.

दुसरी अडचण ओळखण्याची. हल्ली छोटे उपग्रह घोळक्याने सोडले जातात. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, हे आपल्याला आठवत असेल. जमिनीवरच्या रडारला हे सगळे ठिपके दिसतात, पण ठिपक्यांवर नावं नसतात. मग आपला ठिपका कोणता? इथे डॉप्लर परिणाम उपयोगी पडतो. रेल्वे जवळ येताना तिची शिट्टी चढी वाटते आणि लांब जाताना उतरते, तसंच. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. त्यामुळे तो ४३७ मेगाहर्ट्झवर बोलत असला, तर ऐकू येणारी वारंवारता आधी सुमारे १० किलोहर्ट्झने वर असते आणि जाताना तितकीच खाली घसरते. ती घसरते कधी आणि किती वेगाने, यावरून उपग्रह आपल्या सर्वांत जवळ केव्हा आला ते कळतं. ही घसरण एका स्टेशनने टिपली तर तो अंदाज असतो. वेगवेगळ्या खंडांतल्या दहा स्टेशनांनी टिपली, की कक्षा पक्की होते.

म्हणजे इथे परक्या देशातला गट हा आपला प्रतिस्पर्धी नसून आपला दुसरा कान आहे. ही गोष्ट हौशी मंडळींना अगदी पहिल्या दिवसापासून माहीत होती. १२ डिसेंबर १९६१ रोजी ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह सुटला. कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी तो बनवला होता, वजन साधारण साडेचार किलो. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर निव्वळ वजनासाठी ठेवायच्या ठोकळ्याच्या जागी त्याला बसवलं होतं. तो मोर्स लिपीत 'हाय' एवढंच म्हणत राहिला. पण या 'हाय'चा वेग आतल्या तापमानाप्रमाणे बदलायचा. म्हणजे घड्याळ लावून 'हाय' मोजले, की उपग्रहाचं तापमान कळायचं! २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशींनी आपापल्या नोंदी पोस्टाने वगैरे पाठवल्या. उपग्रहाची बॅटरी तीनेक आठवडेच टिकली, पण ऐकणाऱ्यांची साखळी मागे राहिली.

पुढची पायरी मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची. त्यांनी उपग्रह बनवला, पण तो वर न्यायला रॉकेट नव्हतं. अमेरिकेत १९६९ मध्ये अॅमसॅट ही हौशी उपग्रहांची संघटना स्थापन झाली आणि तिने पहिलं काम हाती घेतलं ते दुसऱ्याच्या उपग्रहाचं. त्याच्या चाचण्या केल्या, उड्डाण मिळवून दिलं, आणि २३ जानेवारी १९७० रोजी ऑस्ट्रेलिस-ऑस्कर-५ अवकाशात गेला. आमच्या मते ही फार बोलकी गोष्ट आहे. नव्या संघटनेने आपला झेंडा रोवण्याऐवजी आधी शेजाऱ्याचं काम मार्गी लावलं.

याचं फळ लवकरच दिसलं. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सुटलेला ऑस्कर-७ अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया इथल्या हौशींनी मिळून बनवला होता. १९८१ मध्ये त्याची बॅटरी गेली आणि तो गप्प झाला. सगळ्यांनी त्याला मृत मानलं. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या एका हौशीला त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला! बॅटरीतला जोड तुटल्यामुळे सौर तावदानांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली होती. त्यानंतर ऊन असेल तेव्हा हा म्हातारा उपग्रह बोलायचा, सावलीत झोपायचा. २१ वर्षांनी त्याला कुणी ओळखू शकलं, कारण त्याची माहिती कुणाच्या कपाटात बंद नव्हती.

आपल्याकडेही याची उदाहरणं आहेत. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या हॅमसॅटवर दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतात बनलेला, दुसरा नेदरलँड्समधल्या एका हौशी विद्यार्थ्याने बनवलेला. २६ सप्टेंबर २०१६ ला सुटलेल्या आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'चं उद्दिष्टच असं होतं, की वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजायचे, आणि त्यासाठी इतर कॉलेजांनीही ग्राउंड स्टेशनं उभारावीत. जितकी स्टेशनं जास्त, तितका नकाशा मोठा. आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा 'स्वयम्' वर गेला, तोही हॅम मंडळींच्या वारंवारतेवर बोलणारा.

आता आजच्या काळातलं उदाहरण घेऊ. २०१४ मध्ये अथेन्समधल्या काही तरुणांनी सॅटनॉग्स नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षी त्यांना खुल्या हार्डवेअरचं एक मोठं बक्षीस मिळालं. त्या पैशातून त्यांनी लिब्रे स्पेस फाउंडेशन उभं केलं. कल्पना साधी. एक अँटेना, डिजिटल टीव्हीसाठी निघालेला स्वस्त यूएसबी डोंगल, एक रास्पबेरी पाय संगणक. एवढ्यावर गच्चीत स्टेशन उभं राहतं आणि इंटरनेटवरून जाळ्याला जोडलं जातं. तुम्ही तुमचं स्टेशन जाळ्यात दिलंत, की दुसऱ्यांच्या स्टेशनांवर आपल्या उपग्रहाची वेळ लावण्याची सोयही तुम्हाला मिळते. मिळालेली माहिती सगळ्यांना खुली. २०१७ मध्ये याच संस्थेने पात्रास विद्यापीठासोबत यूपीसॅट हा खुल्या रचनेचा उपग्रह अंतराळ स्थानकातून सोडला, आणि त्याला ऐकायला जगभरच्या गच्च्या तयार होत्या.

आपल्या शेतकऱ्यांना ही पद्धत नवी नाही. याला आपल्याकडे सावड म्हणतात. आज माझ्या शेतात तू ये, उद्या तुझ्या शेतात मी येतो. पैशाचा व्यवहार नाही, करारपत्र नाही. पण कोण आलं नाही, हे गावाला बरोबर लक्षात राहतं. हौशी गटांची मैत्री अशाच सावडीवर टिकते, आणि या सावडीचेही काही रिवाज आहेत.

पहिला रिवाज: उपग्रह सुटण्याआधीच त्याची भाषा जाहीर करायची. कोणत्या वारंवारतेवर बोलणार, कोणता आकडा बॅटरीचा, कोणता तापमानाचा, हे आधी सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याला नुसती खरखर मिळते. हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायला परवानगी नाही. अपवाद फक्त उपग्रहाला जमिनीवरून द्यायच्या आज्ञांचा.

दुसरा: वारंवारता वाटून घ्यायची. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचं मंडळ हे काम करतं. दोन उपग्रह एकाच वारंवारतेवर एकमेकांवर ओरडू लागले, तर दोघांचंही ऐकू येत नाही.

तिसरा: परवाना स्पष्ट लिहायचा. 'वापरा हो, आपलंच आहे' हे तोंडी सांगून भागत नाही. रेखाटन कुणी वापरावं, बदल केले तर ते परत खुले करायचे का, नाव कुणाचं द्यायचं, हे कागदावर नसेल तर भांडण तिथेच सुरू होतं. गट फुटतात ते तंत्रामुळे क्वचित, श्रेयामुळे पुष्कळदा. ज्याने रात्री तीन वाजता उठून तुमचा उपग्रह ऐकला, त्याचं नाव तुमच्या अहवालात यायलाच हवं.

चौथा रिवाज सर्वांत अवघड: अपयश लवकर सांगायचं. अँटेना उघडली नाही, हे चार महिने लपवलं, तर तीच बिजागरी वापरणारा दुसरा गट तुमच्याच खड्ड्यात पडतो.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. सगळंच वाटता येत नाही. मोठ्या रॉकेटची इंजिनं आणि दिशा-नियंत्रण यांचं ज्ञान क्षेपणास्त्रांनाही लागू पडतं, म्हणून अनेक देशांच्या निर्यात-कायद्यांत ते बसतं. त्यामुळे रॉकेटवाल्या गटांना परदेशी मित्राशी बोलताना हात आखडता घ्यावा लागतो. यात मन दुखवून घेण्यासारखं काही नाही. आपला मित्र काय देऊ शकतो आणि काय नाही, हे आधीच विचारून घेतलं की गैरसमज होत नाहीत.

मग एखाद्या नव्या गटाने सुरुवात कुठून करावी? आम्ही म्हणू, ऐकण्यापासून. पत्रव्यवहार, सामंजस्य करार, संयुक्त समित्या नंतर. आधी गच्चीवर अँटेना लावा, दुसऱ्या कुणाचा उपग्रह महिनाभर नेटाने ऐका, आणि नोंदी त्यांना पाठवा. स्वतः प्रसारण करायचं असेल तर हॅमची परीक्षा देऊन परवाना काढा. जेव्हा तुमचा उपग्रह वर जाईल आणि पहिल्या फेरीत तुमच्या कानावर फक्त शांतता येईल, तेव्हा हेच लोक उपयोगी पडतील. त्यांना तुमचं नाव आधीपासून ठाऊक असेल, तर तुमच्या क्षितिजाखाली गेलेला उपग्रह ते आपल्या क्षितिजावर शोधतील.

आता प्रश्न घेऊ.