चार धडे, एक सूत्र

माझे पदार्थविज्ञान कामगारांच्या मुलांना शिकविता शिकविता झाले. परीक्षा जवळ आली की मुले प्रकाश, वीज, चुंबकत्व व आधुनिक भौतिकी ही चार गाठोडी वेगवेगळी पाठ करतात; प्रश्न जरा फिरवून आला की अडतात. उजळणी चारही एकत्र सोडून करावी.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागेस न्यावे लागले. का? तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकत्व उत्पन्न होते. हे ओर्स्टेडने १८२० सालीच दाखविले होते. उलट, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरेडेने १८३१ साली सिद्ध केले. दोहोंची सांगड घालून मॅक्सवेलने प्रकाश ही विद्युत्-चुंबकीय लहरच ठरविली. पुढे १९०५ साली आइन्स्टाइनने सांगितले, हाच प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढताना ऊर्जेच्या पुडक्यांसारखा वागतो. झाले ना चारही धडे?

आता आपल्या नांदुरा स्टेशनावर चला. रुळांवरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. इतका कशाला? तेवढ्याच शक्तीसाठी दाब दहापट केला तर प्रवाह दहावा हिस्सा उरतो आणि तारेत उष्णतेने होणारी नासाडी शंभरावा हिस्सा. हे ज्याला स्वतः मांडता आले, त्याला गुण मिळतीलच. पण उद्या तारेजवळ काम करतानाही तो दाबाचा हिशेब विसरणार नाही. कामगाराचा जीव त्या हिशेबावरच असतो.