संगणक आणि कार्यालय (लेखांक ७) : फाईल उघडेना, तर आधी तार बघा

गोसीखुर्द म्हटलं की वैनगंगेवरचं धरण आणि त्याचे ३३ दरवाजे डोळ्यांपुढे येतात. पवनी तालुक्यातल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हापासून जमीन, मोबदला, पुनर्वसन यांच्या याद्या इथल्या माणसांच्या मागे लागलेल्या आहेत. बुडीत गावचा माणूस आपलं नाव तपासायला येतो आणि ‘फाईल उघडत नाही, उद्या या’ एवढंच ऐकून परत जातो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

पावसाळ्यात या भागातल्या एका छोट्या कार्यालयातून फोन आला. “फाईल खुलूनच नाही राहिली जी, करप्ट झाली वाटते.” एक्सेलची यादी होती, सामायिक फोल्डरमधली. ती ज्या संगणकावर ठेवली होती, त्याच्यासमोर बसून उघडली आणि बिनतक्रार उघडली. पहिली चाचणी हीच करा. तिथे उघडली, म्हणजे फाईल धड आहे आणि दोष वाटेत आहे.

नेटवर्कवरून येणारी माहिती तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पाकिटांनी, येते. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो, आपल्याला कळतही नाही. पण वाट बराच वेळ बंद राहिली की जोडणीच तुटते. जतन करताना हे जास्त बाधतं. एक्सेल आधी त्याच फोल्डरमध्ये विचित्र नावाची तात्पुरती फाईल लिहितं, मग जुनी काढून नवीला मूळ नाव देतं. मधेच जोडणी गेली की ती अनाथ फाईल तशीच पडून राहते. त्या फोल्डरमध्ये अशा चार फायली होत्या, नावापुढे ‘एक्सएलएसएक्स’ नसलेल्या. त्या घाईने पुसू नका. प्रत काढा, नावापुढे ते शेपूट जोडा आणि उघडून बघा. गेलेलं काम कधीकधी तिथेच सापडतं.

मग वाट तपासायची. फाईल ठेवलेल्या संगणकाकडे पिंग आज्ञा दहा मिनिटं चालू ठेवा. तिची नेहमीची पाकिटं ३२ बाइटची असतात. खराब तारेतूनही ती बरेचदा निभावून जातात, म्हणून १४०० बाइटची पाठवून बघा. कार्यालयातल्या कार्यालयात, तारेवरून, एकही पाकीट हरवायला नको. इथे हरवत होती. एका तारेच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली होती, टेबल हललं की पिन सैल व्हायची. नवी पिन बसवली. तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवायची, हेही लक्षात असू द्या.

खरा घोटाळा मात्र वेगळाच निघाला. सगळ्या संगणकांना यूपीएस होतं, पण ज्या स्विचमधून सगळ्या तारा जातात, तो साध्या बोर्डावर लावलेला. ढग गडगडले, वीज क्षणभर गेली की संगणक चालू राहायचे आणि स्विच पुन्हा सुरू होत बसायचा. ज्यांच्या फायली उघड्या, त्यांचं काम तेवढ्यात अर्धवट राहायचं. स्विच यूपीएसवर घेतला. खर्च काहीच झाला नाही.

तार सुधारेपर्यंत फाईल आपल्या संगणकावर उतरवून घ्या, तिथे काम करा, मग परत ठेवा. दोघांनी एकाच वेळी उतरवू नका, नाहीतर एकाचं काम दुसऱ्याखाली पुसलं जाईल. मोठ्या फायलींसाठी रोबोकॉपी आज्ञेला ‘झेड’ हा पर्याय जोडा, म्हणजे तुटल्या जागेपासून प्रत पुढे चालू होते. ॲक्सेसचा डेटाबेस मात्र वाय-फायवरून कधीच उघडू नका. जोडणी तुटली तर तो खरोखरच बिघडू शकतो.

उद्या कार्यालयात गेलात की आधी स्विचची विजेची पिन कुठे खोचली आहे, ते बघा.