रिकामं पिंप खरंच रिकामं असतं का?

हेडफोन लावलेत ना? आज कोड नाही, ॲप नाही. आज आपण बोलणार आहोत पिंपाबद्दल. तेच ते, पेट्रोल पंपामागे, गॅरेजमध्ये, एमआयडीसीच्या रस्त्याला दिसणारं निळं-काळं लोखंडी पिंप.

झालं असं, की गावाहून मामाचा फोन आला. घरात लग्न होतं. मामा म्हणाला, "भंगारातून एक पिंप आणलंय. उद्या गॅस कटरने अर्धं कापून घेतो, पाणी तापवायला होईल." मी म्हटलं, "मामा, थांब. आधी फोटो पाठव."

फोटोत तळाजवळ ठोकलेली अक्षरं दिसली: यूएन १ए१/वाय १.४/१५०/२३/आयएनडी. आम्हा इंजिनिअर लोकांना असं काही दिसलं, की डीकोड केल्याशिवाय चैन पडत नाही. तर बघा. पहिला १ म्हणजे पिंप. ए म्हणजे स्टील. पुढचा १ म्हणजे वरचं झाकण न निघणारं, फक्त दोन बुचं: एक दोन इंची, एक पाऊण इंची. झाकण निघणारं असतं तर तिथे २ आला असता. वाय म्हणजे मध्यम आणि कमी धोक्याच्या मालासाठी चालेल. सगळ्यात धोकादायक मालाला एक्स लागतो. १.४ म्हणजे पाण्याच्या १.४ पट जड द्रवापर्यंत. १५० म्हणजे किती किलोपास्कल दाबाला टेस्ट केलंय ते. २३ हे बनवल्याचं साल, आणि देश भारत.

आता गंमत बघा. यात एक गोष्ट कुठेच नाही: आत काय होतं? हा कोड पिंपाची ताकद सांगतो, इतिहास सांगत नाही. इतिहास लेबलवर असतो, आणि ते लेबल फाटलेलं होतं.

थोडं मागे जाऊ. ७२ दिवसांत जगाला फेरी मारणारी अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय आठवते? ती पुढे ब्रुकलिनमधली लोखंडी भांड्यांची कंपनी चालवायची. तिथल्या हेन्री वेर्हान या माणसाने स्टीलच्या पिंपाची रचना केली आणि १९०५ मध्ये मिळालेली पेटंटं तिच्या नावे केली. आजच्या पिंपाचे हे पूर्वज. साधारण २०० लिटरचं, पाण्याने भरलं तर दोनशे किलोच्या वर. पण अंगावरच्या त्या फुगीर कड्यांमुळे आडवं करून एकटा माणूस ते लोटत नेतो.

मामाचं म्हणणं होतं, "अरे, रिकामंच आहे की!" हाच तर घोळ आहे. काठोकाठ भरलेल्या पिंपात वाफेला जागाच कमी असते. रिकाम्यात मात्र उरलेल्या थेंबांची वाफ आणि हवा मस्त मिसळलेली असते. त्यात कटरची ज्वाळा किंवा ग्राइंडरची ठिणगी गेली, की स्फोट. झाकण गोळीसारखं उडतं आणि कापणारा नेमका समोर असतो.

"वास येत नाही" म्हणून निर्धास्त राहू नका. जाड तेल थंड असताना गप्प असतं, कटरने तापलं की त्याचीच वाफ होते. "पाण्याने धुतलं" हेही पुरेसं नाही, कारण कडेच्या दुमडलेल्या जोडात माल अडकून राहतो. आणि आत कीटकनाशक असेल तर? न कापतासुद्धा ते पाणी अंगावर घ्यायचं नाही, प्यायचं तर नाहीच.

मामा जरा चिडला. "गावात सगळे कापतात," म्हणाला. पण वेल्डरला फोन करून त्याने नको म्हणून सांगितलं. पिंप भंगारवाल्याकडे परत गेलं आणि मंडपवाल्याकडून दोन काहिली भाड्याने आल्या. लग्न झकास झालं.

तुमच्याही घरी, शेतावर, ओळखीच्या वेल्डरकडे असं पिंप असेलच. आत काय होतं माहीत नाही? मग कापायचं नाही. एवढा एक भाग त्यांना फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!